सरकारी शाळांची तुलना करताय? रंगरंगोटी सोडा, तिसरी-चौथीचा वर्ग बघा

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की तोच प्रश्न चहूकडून येतो. आमच्या घराजवळ जिल्हा परिषदेच्या दोन शाळा आहेत, नगरपालिकेची एक आहे, एक अनुदानित आहे, यातली चांगली कुठली? मग तुलना होते ती कुठे नवीन रंग दिलाय, कुठे मोठा टीव्ही लावलाय, कुठलं गॅदरिंग दणक्यात झालं याची. यातून आपलं मूल दोन-तीन वर्षांनी नीट वाचेल का, हातच्याची वजाबाकी करेल का, हे काहीच कळत नाही. लोक मेहनत कमी घेतात असं नाही, उलटा क्रम धरतात. आधी शाळा बघून येतात, मन बनवतात आणि मग माहिती काढतात. इथे खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, कारण पुढच्या टप्प्यात काय विचारायचं ते आधीच्या टप्प्यातून ठरतं.

## टप्पा 1: आधी यादी करा, आणि प्रत्येक शाळेचा कोड मिळवा

घरापासून मूल रोज जाऊ-येऊ शकेल अशा सगळ्या शाळा लिहून काढा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर असं अंतर धरलेलं आहे. तुम्ही थोडं पुढेमागे करा, पण मधे हायवे किंवा ओढा ओलांडावा लागतोय का ते आत्ताच लिहा. नंतर शाळा आवडली की हे कोणी बघत नाही आणि पावसाळ्यात मुलाची शाळा बुडते.

प्रत्येक शाळेपुढे तिचा 11 आकडी यूडायस कोड, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, लिहा. महाराष्ट्रातला कोड 27 ने सुरू होतो. बहुतेक ठिकाणी तो शाळेच्या फलकावर रंगवलेला असतो, नाहीतर ऑफिसात विचारा. कोड कशाला, नाव आहे ना, असं वाटेल, पण गोंधळ तिथेच होतो. एका गावात मुलांची शाळा, मुलींची शाळा आणि वस्तीवरची शाळा अशा तिन्हींची नावं जवळपास सारखी असतात. मोठ्या शहरात तर महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा भरतात, कुठे सकाळ-दुपार अशी दोन सत्रं असतात. इमारत एकच, पण प्रत्येक शाळेचा कोड वेगळा, हेडसर वेगळे, शिक्षक वेगळे. लोक शेजारच्या शाळेची माहिती वाचून आपल्या शाळेबद्दल मत करून बसतात.

अजून एक गोष्ट, शाळा कितवीपर्यंत आहे ते लिहा. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत, काही सातवी किंवा आठवीपर्यंत. चौथीनंतर मूल कुठे जाणार आणि ती शाळा किती लांब, हेही या तुलनेतच धरायला हवं.

इथे तपासा: यादीत 3 ते 5 शाळा, प्रत्येकीचा कोड, माध्यम, सत्र आणि शेवटची इयत्ता. एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: घरी बसून कागद वाचा

यूडायस प्लसच्या पोर्टलवर नो युवर स्कूल या ठिकाणी कोड टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं. त्यात इयत्तावार पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, वीज, ग्रंथालय अशी बरीच माहिती असते. सगळी उतरवून घेत बसू नका, आत्ता तीनच गोष्टी घ्या: इयत्तावार पट, शिक्षकांची संख्या, वापरातल्या वर्गखोल्या. आणि एका वर्षाचं नको, मिळतील तितक्या मागच्या वर्षांचं घ्या.

पट उतरत असेल तर लगेच शाळेवर फुली मारू नका. गावात खाजगी इंग्रजी शाळेची बस यायला लागली की चांगल्या शाळेचाही पट उतरतो. बघायचं ते असं, की यंदा चौथीत 18 मुलं आहेत, तर तीन वर्षांपूर्वी पहिलीत किती होती? तेव्हा 30 असतील तर मधली 12 कुठे गेली हे भेटीत विचारायचं. उत्तर "पालक कामासाठी दुसरीकडे गेले" असं असू शकतं, किंवा "सगळी पलीकडच्या शाळेत गेली" असंही असू शकतं. दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे.

सावधान: ही माहिती शाळेनेच भरलेली असते आणि साधारण एक वर्ष मागची असते. शाळेच्या स्वयंमूल्यमापनातले गुणही शाळेनेच स्वतःला दिलेले असतात. त्यामुळे पोर्टलवरून निकाल लावायचा नाही, प्रश्न काढायचे. "वापरातलं स्वच्छतागृह: आहे" असं दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की भेटीत ते उघडं आहे का ते बघायचं.

## टप्पा 3: शिक्षकांचं गणित, सरासरीला फसू नका

इथे सर्वात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

आरटीईप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4 आणि 121 ते 200 ला 5 शिक्षक लागतात. आता समजा एका शाळेत चौथीपर्यंत 48 मुलं आहेत आणि 2 शिक्षक. शिक्षकामागे 24 मुलं, मस्त वाटतं. दुसऱ्या शाळेत पाचवीपर्यंत 130 मुलं आणि 5 शिक्षक, म्हणजे शिक्षकामागे 26. कागदावर पहिली शाळा थोडी बरी. पण पहिल्या शाळेत एका बाईंकडे दोन इयत्ता आहेत, पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन त्या दुसरीला गणित शिकवतात, आणि त्या बाई एक दिवस रजेवर गेल्या की चारही इयत्ता एकाच सरांकडे. दुसऱ्या शाळेत प्रत्येक वर्गाला स्वतःचे शिक्षक आहेत. म्हणून शिक्षकामागे मुलं किती हे विचारू नका, एका शिक्षकाकडे इयत्ता किती ते विचारा.

दोन इयत्ता एकत्र म्हणजे वाईटच असंही नाही हं. मोठी मुलं छोट्यांना वाचून दाखवतायत, गट पाडलेत, प्रत्येक गटाला वेगळं काम आहे, अशी द्विशिक्षकी शाळा फार छान चालते. पण ती दोन शिक्षकांच्या जिवावर चालते, त्यामुळे त्यांची बदली झाली की काय, हाही प्रश्न विचारायला हवा.

प्रत्येक शाळेत हे चार आकडे मागा: मंजूर पदं किती, कार्यरत किती, रिक्त किती, आणि आज वर्गावर किती. पहिले तीन संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या सरकारी कागदात, असतात, चौथा तुम्ही स्वतः मोजायचा. कारण कागदावर इथे असलेले सर प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, दुसऱ्या शाळेत किंवा ऑफिसात असू शकतात. बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, वेगवेगळे सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं यातही दिवस जातात. यात शिक्षकांचा दोष नसतो, त्यांनाच त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, पण तुमच्या मुलाच्या वर्गावर कोणी नसेल तर ते तुम्हाला माहीत असायला हवं.

## टप्पा 4: भेटीचा दिवस ठरवा

सगळ्या शाळांना एकाच महिन्यात भेट द्या. एका शाळेत जूनमध्ये गेलात आणि दुसरीत फेब्रुवारीत, तर तुलना होणारच नाही, जूनमध्ये मुलं सुट्टीतून नुकतीच आलेली असतात आणि फेब्रुवारीपर्यंत त्यांचं बरंच शिकून झालेलं असतं. माझ्या मते जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा सगळ्यात चांगला काळ. पण 26 जानेवारीच्या आसपासचे दिवस आणि स्नेहसंमेलनाचा आठवडा सोडा, तेव्हा नाचाची प्रॅक्टिस चालू असते. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा सुरू होतात.

हेडसर किंवा हेडबाईंना आधी भेटून परवानगी घ्या. "पुढच्या वर्षी मुलाला पहिलीत घालायचंय, शाळा बघायची आहे" एवढं सांगितलं तरी बहुतेक ठिकाणी आनंदाने बोलावतात, पट वाढणार असतो ना. तपासणीला आल्यासारखं जाऊ नका, वही-पेन उघडून प्रश्नांची फैर झाडू नका. त्या दिवशी केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) आले असतील किंवा काही कार्यक्रम असेल तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणा.

वेळ: शाळा भरताना एकदा, आणि मधल्या सुट्टीनंतर एकदा. सकाळी हजेरी झाल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि उपस्थिती लिहिलेली असते. जेवणानंतर वर्गात डोकी मोजा. सकाळी 26 आणि दुपारी 15 असतील तर ते लिहून ठेवा.

## टप्पा 5: वर्गात काय बघायचं

पहिलीचा वर्ग सगळे बघतात, कारण आपलं मूल तिथे जाणार असतं. पण पहिलीत मुलं काय घेऊन आली ते दिसतं, शाळेने काय दिलं ते तिसरी-चौथीत दिसतं. म्हणून तिसरी किंवा चौथीच्या वर्गात बसा, आणि प्रत्येक शाळेत तीच इयत्ता धरा.

बाई कसं शिकवतात याच्यावर तुम्ही तिथे बसल्याचा परिणाम होतो, वह्यांवर होत नाही. त्यामुळे वह्या बघायला मागा, मराठी आणि गणिताच्या, पुढच्या बाकावरच्या नको, मागच्या बाकावरच्या दोन-तीन. त्यात हे बघा:

तारखा सलग आहेत का. मधेच दोन आठवडे काहीच नाही आणि मग एका दिवसात सहा पानं, असं असेल तर विचारा.

लाल पेनाच्या खुणा कशा आहेत. एका मुलाच्या वहीत "त्यांच्या" हा शब्द "त्याच्यां" असा लिहिलाय, बाईंनी गोल केलाय, खाली मुलाने तो परत बरोबर लिहिलाय आणि त्यापुढे छोटी सही आहे, तर तो वर्ग चालतोय. आणि सगळ्या पानांवर नुसती मोठी बरोबरची खूण, आत चुका तशाच, तर वही तपासली गेलेली नाही.

सगळ्या वह्यांत शब्दन् शब्द सारखी उत्तरं आहेत का. निबंध "माझी आई" आणि पाच वह्यांत आई एकच, म्हणजे फळ्यावरून उतरवलाय. मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेलं एक तरी पान सापडतंय का बघा, मोडकंतोडकं असलं तरी चालेल. असं पान सापडलं की मला त्या शाळेबद्दल आदर वाटायला लागतो.

टीव्ही, प्रोजेक्टर, डिजिटल वर्ग असेल तर शिक्षकांना नाही, मुलांना विचारा की शेवटचं त्याच्यावर काय बघितलं. आणि वीज चालू आहे का बघा, कारण बिल थकलं म्हणून मीटर तोडलेल्या शाळाही असतात आणि आत स्मार्ट टीव्ही लावलेला असतो.

सेमी इंग्रजी असेल तर गणितातलं एखादं उदाहरण घेऊन "हे असं का केलं?" ते मुलाला मराठीत समजावून सांगायला सांगा. सांगता आलं तर समजलंय. नुसता इंग्रजी शब्द पाठ असेल आणि पुढे गप्प, तर सेमीची पाटी बघून हुरळून जाऊ नका.

## टप्पा 6: वाचनाची छोटी चाचणी, शाळेत नव्हे तर घराजवळ

प्रथम संस्थेची असर पाहणी मुलांना शाळेत न तपासता घरी जाऊन, एकेकाला बसवून वाचायला लावते. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या, आणि गणितात अंक ओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, तीन अंकीला एक अंकीने भागाकार. हीच पद्धत तुम्ही लहान प्रमाणात वापरू शकता.

1. बालभारतीची जुनी दुसरीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यातला मुलांना पाठ नसेल असा 8-10 ओळींचा उतारा घ्या. सगळ्या शाळांच्या मुलांना तोच उतारा द्या.
2. तुमच्या गल्लीतली, वाडीतली त्या त्या शाळेत जाणारी तिसरी-चौथीची मुलं गाठा. आईबाबांना विचारूनच, आणि ते शेजारी बसलेले असताना. परीक्षा म्हणू नका, "मला जरा वाचून दाखव ना" म्हणा.
3. वाचून झालं की त्यातला एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नाही. नुसतं भरभर वाचणं आणि समजणं यातला फरक इथे कळतो.
4. एक हातच्याची वजाबाकी द्या, 52 वजा 27 सारखी. उत्तर 35 आलं तर मुलाने 7 मधून 2 घालवलेत, म्हणजे हातचा कळलेला नाही.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या मोहिमेचं उद्दिष्ट हेच आहे की 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मूल समजून वाचेल आणि साधं गणित करेल. तेव्हा चौथीतल्या मुलाकडून ही अपेक्षा ठेवण्यात काही जास्तीचं मागतोय असं नाही.

सावधान: प्रत्येक शाळेची किमान पाच मुलं तरी हवीत आणि ती निवडलेली नकोत. "आमच्या सोसायटीतला हुशार आहे, त्याला विचारा" हे टाळा. पाच मुलांवरून थोडाफार फरक सिद्ध होत नाही, पाचातली चार वाचतात आणि दुसऱ्या शाळेची पाचातली एक वाचते, एवढा मोठा फरक असेल तरच तो धरा. ट्यूशनला जाणाऱ्या मुलांच्या नावापुढे तसं लिहा.

## टप्पा 7: मुलं कुठल्या घरांतून येतात ते बघितल्याशिवाय निकाल लावू नका

हा टप्पा लोक सोडूनच देतात आणि मग चांगल्या शिक्षकांवर अन्याय होतो. एका शाळेत ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवरची मुलं आहेत, ती दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. दुसऱ्या शाळेत नोकरदारांची मुलं, घरी पुस्तकं आहेत, संध्याकाळी शिकवणी आहे. दोन्हीकडची चौथी शेजारी ठेवून ही वाईट आणि ती चांगली म्हणणं चूक आहे.

अशा वेळी शाळेची तुलना तिच्याशीच करा. त्याच शाळेतल्या दुसरीची मुलं कुठे आहेत आणि चौथीची कुठे? दुसरीत बरीच मुलं शब्दांवर अडकतात पण चौथीत गोष्ट वाचतात, तर शाळा काम करतेय, मग शेजारच्या शाळेचे आकडे वर का असेनात. आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी काय करता हे विचारा. शिक्षण हमी कार्ड देतात का, हंगामी वसतिगृह आहे का, परत आलेल्या मुलाला कसं सामावून घेतात. ज्या शाळेला या प्रश्नाचं उत्तर मुलांच्या नावानिशी देता येतं ती शाळा तुमच्याही मुलाकडे लक्ष देईल, असं मला मनापासून वाटतं.

शिष्यवृत्तीच्या यादीचंही असंच. फलकावर "9 विद्यार्थी पात्र" लिहिलेलं असतं. बसले किती होते ते विचारा, आणि वर्गात एकूण किती होते तेही.

## टप्पा 8: पाणी, स्वच्छतागृह, जेवण

यात वेळ घालवू नका, पण सोडूही नका. मुलींचं स्वच्छतागृह उघडं आहे का, आत पाणी आहे का, चावी कोणाकडे असते. चावी ऑफिसात असेल तर पहिलीतली मुलगी ती मागायला जाणार नाही, हे लक्षात घ्या. पिण्याचं पाणी कुठून भरतात. पोषण आहाराचा आठवड्याचा मेनू भिंतीवर असतो, त्या दिवशीचं ताट मेनूप्रमाणे आहे का बघा, आणि मुलं पोटभर खातायत की डबा काढून बसलीत.

## टप्पा 9: पालकांना विचारा, पण योग्य प्रश्न

"शाळा कशी आहे?" विचारलं की "चांगली आहे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, मागच्या आठवड्यात शाळा किती दिवस पूर्ण वेळ भरली? तुमचं मूल मागे पडलं तेव्हा बाईंनी स्वतःहून सांगितलं का? मुलाला मारतात का? मूल शाळेत जायला कुरकुर करतं का?

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. नावं बहुतेक फलकावर असतात. त्यातल्या एखाद्या आईला तिच्या घरी भेटा आणि शेवटच्या बैठकीत काय ठरलं ते विचारा. आपण सदस्य आहोत हेच तिला माहीत नसेल, तर समिती सहीपुरती आहे. तिने "भिंत पडली होती म्हणून ग्रामपंचायतीकडे गेलो" असं काही सांगितलं तर ती शाळा अडचणीतही उभी राहील.

समितीच्या बैठकीचं इतिवृत्त किंवा संचमान्यतेची माहिती तोंडी मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो, 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. पण हे अगदी शेवटी, आणि खरंच अडलं तरच. भेटीआधीच अर्ज टाकलात तर सगळे सावध होतात आणि मोकळं बोलणं संपतं.

## टप्पा 10: निर्णय, गुणांची बेरीज न करता

सगळ्या मुद्द्यांना दहापैकी गुण देऊन बेरीज करू नका. तसं केलं की छान कंपाउंड आणि रंगीत भिंती मिळून रिकाम्या वर्गाला पास करतात.

आधी छाटणी. वर्गावर शिक्षक नियमित नाहीत, मारहाण होते, रस्ता धोक्याचा आहे, मुलींना स्वच्छतागृह नाही, यातलं एक जरी असेल तर ती शाळा बाजूला. उरलेल्या शाळा पुढच्या चार गोष्टींवर याच क्रमाने लावा: एका शिक्षकाकडे इयत्ता किती, चौथीची मुलं वाचतात का, वह्या खरंच तपासल्या जातात का, दुपारची हजेरी टिकते का. दोन शाळा इथपर्यंत बरोबरीत आल्या तर जवळची घ्या, बिनधास्त. मूल चालत शाळेत जातं आणि पाऊस असला तरी पोचतं याला फार किंमत आहे.

## टप्पा 11: प्रवेशाआधी आणि शाळा उघडल्यावर

शाळापूर्व तयारी मेळाव्याला मुलाला घेऊन जा, तिथे बाई लहान मुलांशी कशा बोलतात ते दिसतं. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दोन्ही गोष्टी आरटीईत स्पष्ट आहेत. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण होतायत का ते बघतात.

बदल्यांची यादी लागली की फोन करून विचारा की तुम्ही बघितलेले शिक्षक आहेत का गेले. जून संपायच्या आत एकदा शाळेत चक्कर मारा, वर्गशिक्षक ठरलेत का, पुस्तकं हातात आलीत का. आणि दोन-तीन महिन्यांत गडबड वाटली तर वर्ष संपायची वाट बघू नका. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा मुलाला हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळा मुलाला बाहेर ठेवू शकत नाही.